मीसुक, तुझ्या इंग्लिशबद्दल

मीसुक,

तू गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. सकाळी लॅपटॉप उघडते, मीटिंग सुरू होते, आणि मी कॅमेरा बंद करून स्वयंपाकघरात जाते, तिथून गराजमध्ये, तिथून मागच्या अंगणात. मिलिंद म्हणतो, "विद्या, बस ना जरा." बसते. मग परत उठते. कुंपणापलीकडे तुझ्या घरात नळ सुटतो, दार लागतं, तुझ्या लेकीचे, हानाचे, आप्पा खोकतात, सगळं ऐकू येतं. फक्त फोन करायच्या आधी तू अंगणात फेऱ्या मारत तेच इंग्लिश वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटायचीस, ते ऐकू येत नाही.

हे मी मराठीत लिहितेय, म्हणजे तू असतीस तरी तुला वाचता आलं नसतं. पण इतकी वर्षं आपण दोघी तिसऱ्याच कुणाच्या तरी भाषेत बोललो. आज मला त्या भाषेत बोलायचं नाही. आज मला पटापट बोलायचंय, अडखळायचं नाही.

आम्ही या पॉइंट कुक उपनगरात राहायला आलो त्या आठवड्यात तू किमची घातलेली धिरडी घेऊन दारात उभी राहिलीस. पहिलं वाक्य, "वेलकम." दुसरं वाक्य, "हाऊ ओल्ड आर यू?" मी चपापले. पुण्यातल्या एखाद्या मावशीने विचारलं असतं तर चाललं असतं, पण इथे कुणी विचारत नाही. मी वय सांगितलं तसा तुझा चेहरा मोकळा झाला. "आय ॲम ऑन्नी," तू म्हणालीस. ऑन्नी म्हणजे कोरियनमध्ये ताई. समोरच्याचं वय कळल्याशिवाय तुमच्या भाषेत क्रियापदाचा शेवट कसा करायचा तेच ठरत नाही, हे तू मला पुढे समजावलंस. इंग्लिशचा तुला त्याबाबतीत कायम राग. "डॉक्टर, यू. डॉग, यू. एव्हरीबडी यू," असं म्हणून तू नाक मुरडायचीस. आमच्याकडे तू, तुम्ही आणि आपण असं तीन पायऱ्यांचं आहे म्हटल्यावर तू खूश झालीस, जणू माझ्या खानदानीपणाची खात्री पटली.

मला तू "बिद्या-या" म्हणायचीस. व तुला जमायचा नाही आणि मागचा "या" तुमच्याकडे धाकट्याला प्रेमाने हाक मारताना लावतात. माझ्या कानाला ते "विद्या, या" असं मानाचं आमंत्रण वाटायचं. मी ते तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस की मग दोन्ही खरं.

शॉपिंग सेंटरमधल्या सुशीच्या काउंटरवर तुझी मॅनेजर पोरगी तुला "मिस सूक" म्हणायची. तिला वाटायचं सूक हे नाव आणि मिस हे पुढचं. तू कधी सुधारलं नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, "इट इज रिस्पेक्ट." तुमच्या गावी, देगूला, तू शाळेत रसायनशास्त्र शिकवत होतीस. तिथे मुलं कमरेत वाकून नमस्कार करायची. इथे चुकून का होईना, कुणीतरी मिस म्हणत होतं.

तुझं इंग्लिश मला आधी कळलंच नाही. हानाच्या शाळेला तू जी ईमेल लिहायचीस ती माझ्या ऑफिसातल्या कुणालाही लिहिता आली नसती; एक आर्टिकल चुकीचं नाही, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. जाडजूड शब्दकोश घोकून, परीक्षा देऊन देऊन तुमची सगळी पिढी तसंच शिकली, तू म्हणालीस. वाचायला सगळं येतं, तोंड उघडायचं कुणी शिकवलं नाही. "प्रोक्रॅस्टिनेट" तुला माहीत होतं, पण हानाच्या नेटबॉल कोचने "सी यू धिस आर्व्हो" असा मेसेज केला तेव्हा तू मला विचारलंस की खेळाला ॲव्होकाडो कशाला. आर्व्हो म्हणजे दुपार, हे कुठल्या शब्दकोशात लिहिणार?

आणि तुमचे ते तुमच्यातच घडलेले इंग्लिश शब्द. गिऱ्हाइकाला एखादा तुकडा वर फुकट द्यायचा तो तुमच्याकडे "सर्व्हिस". तू काउंटरवरून हसून "दिस इज सर्व्हिस" म्हणायचीस आणि लोक गोंधळून पाकीट काढायचे. देगूला शब्द बरोबर होता. इथे आल्यावर तो चुकीचा झाला. त्यात तुझं काय चुकलं?

हाना सहा वर्षांची असताना तू तिला घेऊन इथे आलीस. तिचे आप्पा तिकडेच राहिले, मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. अशा बापांना तुमच्याकडे किरॉगी आप्पा म्हणतात, किरॉगी म्हणजे रानहंस. वर्षातून एकदा लांबचा पल्ला उडून पिल्लाला भेटायला येणारा. मुलीचं इंग्लिश पक्कं व्हावं म्हणून एका संसाराची दोन घरं. तू हे सांगितलंस तेव्हा मी म्हणाले, इंग्लिशसाठी एवढं? तू शांतपणे म्हणालीस, "युअर फॅमिली, इंग्लिश केम टू हाऊस. माय फॅमिली, वी हॅव टू गो टेक." माझ्या आजोबांपासून आमच्या घरात इंग्लिश पेपर येत होता, हे खरंच होतं.

मग लॉकडाऊन आला. घराभोवती ठरवून दिलेलं वर्तुळ, दिवसाला ठरावीक वेळ, सोबत फक्त एक माणूस. मिलिंद चालायला येत नाही, हाना खोलीचं दार उघडत नाही, म्हणून आपण दोघी. खाडीच्या कडेची ती पायवाट, समोरून वारा, दोघींच्या तोंडावर मास्क. तू मला म्हणालीस, हे वाया घालवायचं नाही, माझं इंग्लिश दुरुस्त कर. पण मास्कमुळे तू अडलीस. तू ओठ बघून शिकणारी. तुमच्या भाषेत फ नाही, कॉफीची कॉपी होते, आणि वरचे दात खालच्या ओठावर कसे टेकवायचे ते झाकलेल्या तोंडाने मी कसं दाखवणार? एकदा तू इकडेतिकडे बघितलंस, कुणी नाही म्हणून मास्क झटक्यात खाली ओढलास, दात दाखवत "फ" म्हणालीस आणि लगेच मास्क वर. मागून एक सायकलवाला आला. तू त्याला "सॉरी" म्हणालीस. आपण दोघी बाकावर बसून हसत राहिलो.

तूही माझं काढलंसच. "यू ऑल्सो," तू म्हणालीस, "वाइन अँड वाइन, सेम." द्राक्षाचा वेल आणि द्राक्षाची दारू यात मी फरक करत नाही, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं इंग्लिश चांगलं आहे असंच सगळे म्हणत आले. तू नीट ऐकायचीस म्हणून तुला कळलं.

त्या चालण्यातच आपल्याला ते सापडलं. तू मला "जेवलीस का"ला काय म्हणतात ते सांगत होतीस: पाप मगॉस्सॉ. मी म्हणाले, म्हणजे आधी भात, मग खाणं? क्रियापद शेवटी? आमचंही शेवटी. मी भात खाल्ला. तू रस्त्यात थांबलीस. मग घरापर्यंत आपण एकेक वाक्य ताडून बघितलं आणि प्रत्येक वेळी शब्द त्याच रांगेत उभे. बापालाही तुमच्याकडे आप्पा. तू म्हणालीस, "इंग्लिश पीपल डिसाइड टू अर्ली." क्रियापद दुसऱ्याच शब्दाला बोलून टाकतात, मग पुढे मन बदलायला जागाच राहत नाही. आपल्याला शेवटपर्यंत बदलता येतं. भाषेबद्दल इतकं शहाणं वाक्य मी कुठे वाचलेलं नाही, आणि ते तू, जी तुला नीट बोलता येत नाही असं लोक म्हणायचे, त्याच भाषेत म्हणालीस.

आणि त्याच वाटेवर आपलं ते भांडण झालं, जे अजून संपलेलं नाही.

हाना घरात तुझ्याशी इंग्लिशमध्ये बोलायची, भरभर, या मुलांच्या लहेजात, अर्धी वाक्यं गिळून. तू तिला इंग्लिशमध्येच उत्तर द्यायचीस, हळू, शोधत शोधत. मी म्हणाले, ऑन्नी, तू तिच्याशी कोरियन बोल. तिला येईल तेवढं येईल. तुझं खरं बोलणं तरी तिच्या कानावर पडेल. तू म्हणालीस, "आय स्पीक कोरियन, शी हिअर नॉइज. आय स्पीक इंग्लिश, शी हिअर स्टुपिड पर्सन. स्टुपिड पर्सन इज बेटर. ॲट लीस्ट पर्सन."

मी रागावले. म्हणाले, असं कसं बोलतेस, तू तिची आई आहेस. तू माझ्या मुलावर आलीस, "ईशान? मराठी?" मी म्हणाले, त्याला कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये देतो. "हाऊ यू नो?" तू विचारलंस. "हाऊ यू नो ही अंडरस्टँड?" मला माहीतच होतं असं मला वाटत होतं. पण नक्की कसं माहीत होतं ते सांगता येईना. त्या दिवसापासून मी ईशानशी मराठीत बोलले की थांबते, त्याचा चेहरा बघते. कधीकधी तो म्हणतो, "मम, व्हॉट? व्हाय आर यू स्टेअरिंग?" तुझ्यामुळे.

लॉकडाऊनचा पहिला हिवाळा, म्हणजे इथला ऑगस्ट, संपता संपता तुझ्या पाठीत आणि पोटात दुखायला लागलं. डॉक्टर फोनवरच बघत होते तेव्हा, म्हणजे बघत नव्हतेच. तू आदल्या दिवशी वाक्यं पाठ केलीस, अंगणात फेऱ्या मारत. दुसऱ्या दिवशी चालताना तू मला सगळा संवाद म्हणून दाखवलास, परीक्षेचा पेपर चांगला गेल्यासारखा. डॉक्टरांनी विचारलं, "नो पेन ॲट नाइट?" तू म्हणालीस, "नो."

मी थांबले. "पण रात्री दुखतं ना तुला?"

"यस. पेन इज देअर. सो, नो."

मला लगेच कळलं, कारण माझी आईही असंच म्हणाली असती. रात्री दुखत नाही ना? नाही हो, दुखतं. आपल्याकडे आधी समोरच्याचं बोलणं खरं की खोटं ते सांगतात. इंग्लिशमध्ये फक्त दुखतं की नाही तेवढं सांगतात. तू "नाही, तुमचं चुकतंय" म्हणालीस, त्यांनी "दुखत नाही" ऐकलं. मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता परत फोन कर. तू म्हणालीस, डॉक्टर बिझी आहेत, पुढच्या आठवड्यात आहेच अपॉइंटमेंट. मी तुझ्याशी तिथेच वाद घातला. तू दोन दिवसांनी फोन केलास, पण फोनवर दुसरेच डॉक्टर होते, त्यांनी गोळ्या बदलून दिल्या. मग नाताळ आला. मग स्कॅन.

स्पेशालिस्ट म्हणाले की थोडं आधी कळलं असतं तरी फार फरक पडला नसता, स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं असंच असतं. मिलिंद म्हणतो, ते म्हणतात तर तसंच असेल. मीच या वाक्यापाशी येते आणि पुन्हा उठून गराजमध्ये जाते. एक "नो". इतका छोटा शब्द, आणि तो बरोबर होता.

हॉस्पिटलात मी तुझ्याबरोबर येत होते, एकालाच परवानगी होती आणि हाना लहान होती. तिथे दुभाष्याची सोय होती, फोनवर, फुकट. तू नको म्हणालीस. मी पार्किंगमध्ये गाडी बंद न करताच तुझ्याशी भांडले. म्हणाले, ही काही स्पीकिंगची परीक्षा नाही, जिवाचा प्रश्न आहे. तू सीटबेल्ट न काढता समोर बघत म्हणालीस, "इंटरप्रिटर कम, डॉक्टर टॉक टू फोन. आय ॲम इन द रूम." आणि मग: "टेन इयर्स आय प्रॅक्टिस. फॉर बँक, फॉर स्कूल, फॉर सुशी. नाऊ इम्पॉर्टंट वन कम, अँड यू से, गिव्ह टू अदर पर्सन?"

शेवटी तडजोड झाली. दुभाषी बाई फोनवर राहतील, पण तू विचारशील तेव्हाच बोलतील. तू सगळं स्वतः विचारलंस. किती, कसं, केस जातील का, हानाची परीक्षा होईपर्यंत मी उभी राहीन का. डॉक्टर तुझ्याकडे बघून उत्तरं देत होत्या. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला आणि मी तो तुला सांगितला नाही, कारण मी अजून भांडणातच होते. केमोच्या खुर्चीत बसलीस तेव्हा मी तुला अंगठा दाखवला, तर तू मूठ वर करून "फायटिंग" म्हणालीस, आणि फ बरोबर आला. नर्सने दचकून विचारलं, कोण भांडतंय? तिला काय सांगणार, की तुमच्याकडे हिंमत द्यायला असं म्हणतात.

मग ती जूनमधली भेट. डॉक्टर म्हणाल्या, आता आम्ही तुम्हाला कम्फर्टेबल ठेवायचा प्रयत्न करू. तुला तो शब्द माहीत होता. सोफा कम्फर्टेबल असतो, बूट असतात. पण तू त्यांच्या तोंडाकडे बघितलंस, मास्क होता, मग माझ्याकडे बघितलंस, आणि पहिल्यांदाच फोनकडे वळून कोरियनमध्ये काहीतरी विचारलंस. दुभाषी बाई हळू आवाजात एक वाक्य म्हणाल्या. तू ऐकलंस, मान हलवलीस, आणि डॉक्टरांना म्हणालीस, "थँक यू. आय अंडरस्टँड." गाडीत बसल्यावर म्हणालीस, "कम्फर्टेबल. बॅड वर्ड." आणि मला सुपरमार्केटला थांबायला सांगितलंस, घरात मुळा नव्हता म्हणून.

हानाच्या आप्पांना इकडे यायला परवानगी मिळेना. अर्ज, नकार, पुन्हा अर्ज. विमानात जागा मिळाली तर इकडे आल्यावर हॉटेलच्या खोलीत बंद. ते शहरातल्या हॉटेलात आणि तू त्याच शहरात हॉस्पिटलात, आणि दोघं व्हिडिओवर. ते सुटून आले त्या सकाळी मी दारात होते. त्यांनी दोन्ही हात अंगालगत धरून कमरेत वाकून मला म्हटलं, "थँक यू फॉर युअर काइंड को-ऑपरेशन." बिचाऱ्यांचं सगळं इंग्लिश कंपनीच्या ईमेलमधलं. मला हसू आलं आणि मी रडले.

तुमच्या वाट्याला थोडे दिवस आले. तोपर्यंत औषधांनी तुझं इंग्लिश गेलं होतं. आधी लांब शब्द गेले, मग आर्टिकलं, मग सगळंच. मी भेटायला आले तेव्हा तू माझ्याशी कोरियनमध्ये बोललीस, मजेत, भरभर, कुठेही न अडता. मला एक अक्षर कळलं नाही. पण ती बाई मी कधी ऐकलीच नव्हती, मीसुक. आवाज खालचा, जरा चेष्टेखोर, मध्येच थांबून भुवई उडवणारा. इतकी वर्षं मी तुझ्या शेजारी राहिले आणि तुझा आवाज मला त्या दिवशी ऐकू आला. मी मराठीत उत्तर दिलं. तू मान हलवलीस, जणू सगळं समजलं. बराच वेळ आपण तशाच बोलत बसलो. मी काय बोलले ते आता आठवत नाही. नीट आभार मानायचे राहिले एवढं आठवतं.

दहा माणसांची मर्यादा होती म्हणून तुझ्या निरोपाला आम्ही मोजकेच. भिंतीवरच्या स्क्रीनवर देगूहून तुझी आई, काळ्या कपड्यात, कॅमेऱ्याच्या फार जवळ. हाना बोलायला उभी राहिली. ती इंग्लिशमध्ये बोलणार हे ठरलेलंच होतं. आप्पा शेजारी उभे राहून एकेक वाक्य कोरियनमध्ये करणार होते, आजीसाठी. हाना थांबत थांबत बोलत होती, तेही थांबत थांबत सांगत होते.

मग ती म्हणाली, "माय मम वॉजन्ट गुड ॲट इंग्लिश. बट शी ऑल्वेज हॅड अ गो."

आप्पांनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं. स्क्रीनवर तुझ्या आईने दोन्ही हात तोंडावर धरले आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. मला काही कळेना. हाना गर्रकन वळली. "नो," ती म्हणाली. "नो, आप्पा. आय डिडन्ट से दॅट." "हॅड अ गो" म्हणजे जमो न जमो, करून बघणं; पण आप्पांना "गो" म्हणजे जाणं एवढंच माहीत. ते आजीला म्हणाले होते की हिला कायम परत जायचं होतं. हे मला हानाने नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की ती बापाला भर सभेत काहीतरी समजावतेय, हातवारे करून, आधी इंग्लिशमध्ये, मग अर्धं अर्धं, मग कोरियनमध्ये. ते विचारत होते, ती सांगत होती, ते परत विचारत होते. दोघांना आम्ही बसलोय याचं भान नव्हतं. इतका वेळ त्या दोघांना एकमेकांशी बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग ती स्क्रीनकडे वळली आणि तिने आजीला सरळ, स्वतः सांगितलं. लांब वाक्य होतं. मध्ये दोनदा अडली, एकदा शब्द बदलला, पण शेवटपर्यंत गेली. तुझी आई रडता रडता हसली आणि तिनं उलट काहीतरी विचारलं, आणि हानाने त्याचंही उत्तर दिलं.

मी तिथे बसले होते आणि मला एकदम तुझा राग आला. का, ते सांगते.

परवा मी हानाला विचारलं. ती कचऱ्याची रिकामी बिन रस्त्यावरून आत ओढत होती, मी अंगणातच होते, हल्ली मी तिथेच असते. मी विचारलं, तुला मम कोरियन बोलायची ते कळायचं? ती म्हणाली, "येह, ऑल्वेज." तू फोनवर आजीशी बोलायचीस ते, आप्पांशी बोलायचीस ते, स्वयंपाक करताना स्वतःशी बोलायचीस ते, सगळं. मग बोलत का नव्हतीस? ती खांदे उडवत म्हणाली, मला पटकन जमायचं नाही. मम वाट बघत थांबायची आणि मला माझाच आवाज ऐकू यायचा, किती बावळट वाटतो ते. म्हणून इंग्लिश.

सांग आता मी काय करू? मी बरोबर होते, ऑन्नी. पण त्याचा काय उपयोग, कुणाशी जिंकू? तुला हे माहीत होतं का? तू ज्याला नॉइज म्हणायचीस ते ती सगळं ऐकत होती, आणि अगदी तुझ्याचसारखी गप्प बसत होती, त्याच कारणासाठी. कधीतरी तुझ्या लक्षात आलं असेल, शेवटच्या त्या दिवसांत, तू नुसतं कोरियन बोलत होतीस आणि ती उशाशी बसून होती तेव्हा. आलं असेल ना? रात्री हे मनात येतं आणि मी मिलिंदला विचारते. तो म्हणतो, आलं असणार. त्याला काय माहीत.

आणि आप्पा आता म्हणतात परत चल. हाना म्हणते माझं शाळेचं शेवटचं वर्ष आहे, मी जाणार नाही. कुंपणापलीकडून वाद ऐकू येतात. ते एका भाषेत ओरडतात, ती दुसऱ्या भाषेत, मग मध्येच उलटं होतं. काय ठरणार मला माहीत नाही. तू असतीस तर काय म्हणाली असतीस तेही सांगता येत नाही.

बिन आत नेता नेता हानाला मी शेवटचं विचारलं की त्या दिवशी आजीला तू "हॅड अ गो" कसं सांगितलंस. ती थांबली. हात हँडलवर तसाच. तिने ते वाक्य मनात एकदा म्हणून बघितलं, ओठ हलले. मग मान हलवली.

"इट डझन्ट रिअली वर्क इन इंग्लिश," ती म्हणाली, आणि बिन ओढत आत गेली.